पोरांच्या पाठीच्या कण्याचा डॉक्टर: पाटीवरच्या डिग्र्या कशा वाचायच्या? (भाची, वय १२, निपाणी)

मामा_उचगाव
नमस्कार मंडळी. इथं वाचत असतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझी भाची निपाणीला असते, सातवीत आहे. दिवाळीचा ड्रेस शिवायला टाकला तेव्हा टेलर बाईंनी माप घेता घेता ताईला म्हटलं, अहो हिचा उजवा खांदा वर आहे, कुर्ता एका बाजूने लांब दिसतोय, दोनदा माप घेतलं मी. घरात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. पोरगी वाकली की उजवीकडे पाठीवर उंचवटा येतो. एक्सरे काढला, स्कोलिओसिस म्हणाले, म्हणजे मणका बाजूला वाकून पिळलाय. एका ठिकाणी ३६ डिग्री सांगितले, पंधरा दिवसांनी दुसरीकडे ३९. एकजण म्हणाले लगेच ऑपरेशन करा नाहीतर हातातून जाईल, दुसरे म्हणाले पोहायला घाला, वाढीच्या वयात होतं असं. ताई रात्र रात्र झोपत नाही.

आता लोकांनी तीन डॉक्टरांची नावं दिली आहेत. नावं लिहीत नाही, फक्त डिग्र्या लिहितो. पहिले: एमबीबीएस, डी ऑर्थो, पाटीवर स्पाइन स्पेशालिस्ट. दुसरे: एमबीबीएस, एमएस ऑर्थो, एफएनबी स्पाइन, शिवाय मुलांच्या हाडांची एक वर्षाची फेलोशिप परदेशात. तिसरे: एमएस जनरल सर्जरी, एमसीएच न्यूरो. फी प्रत्येकाची आहे, प्रवास आहे, पोरीची शाळा आहे, तिन्हीकडे फिरवत बसायचं नाही. ही अक्षरं म्हणजे नक्की काय आणि आमच्या पोरीसाठी त्यातलं काय बघायचं, हे कुणी समजेल असं सांगेल काय ओ?

अनगोळ_फिजिओ
मामा, आधी एक दिलासा. ३६ आणि ३९ म्हणजे तीन डिग्रीने वाढलं असं समजू नका. एक्सरेवर वरच्या आणि खालच्या सगळ्यात तिरक्या मणक्याला रेघ मारून कोन मोजतात, त्याला कॉब अँगल म्हणतात. मोजणारा बदलला, पोरगी जरा वेगळी उभी राहिली, की पाचेक डिग्रीचा फरक पडतो. म्हणून वाढ झाली की नाही हे ठरवायला किमान पाच-सहा डिग्री बदल बघतात, तोही सहसा चार-सहा महिन्यांच्या अंतराने काढलेल्या एक्सरेत.

दुसरं, पोहणं चांगलं आहे, घाला, पण पोहून ३६ चा कोन सरळ होत नाही. आणि हो, दप्तराच्या ओझ्याने झालं, एका कुशीवर झोपून झालं, दूध पीत नाही म्हणून झालं, असं कुणी ताईला बोलत असेल तर तिथल्या तिथे थांबवा. या वयातला बहुतेक स्कोलिओसिस इडिओपॅथिक असतो, म्हणजे नेमकं कारण सापडत नाही. शंभरात दोन-तीन किशोरवयीन मुलांमध्ये १० डिग्रीच्या वर कोन सापडतो, त्यातले बरेचसे वाढत नाहीत. मोठे वाढणारे कोन मात्र मुलींमध्ये कितीतरी जास्त. यात आईची काही चूक नाही हे ताईला माझ्या नावाने सांगा.

डिग्र्यांचं इथले डॉक्टर लोक सांगतीलच. मी फक्त एवढंच म्हणेन की पहिल्या भेटीत डॉक्टरने पोरीची उंची, पाळी, आईवडिलांची उंची यातलं काहीच विचारलं नाही आणि थेट ऑपरेशनच्या स्क्रूबद्दल बोलायला लागला, तर दुसरीकडे दाखवा.

हाडांचा_विद्यार्थी
मी ऑर्थोपेडिक्समध्ये एमएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मूळ गाव खानापूर तालुक्यात. मामांच्या तीन पाट्या एकेक करून सोडवतो.

एमबीबीएस साडेचार वर्षं आणि वर १२ महिन्यांची इंटर्नशिप, म्हणजे साडेपाच. त्यानंतर डी ऑर्थो हा दोन वर्षांचा डिप्लोमा, एमएस ऑर्थो तीन वर्षांची डिग्री, डीएनबी पण तीन वर्षांचीच, ती नॅशनल बोर्डाची असते. इथपर्यंत आलेला माणूस हाडांचा डॉक्टर झाला. फ्रॅक्चर, सांधे, पाठ, लहान-मोठे सगळे. आमच्या तीन वर्षांत रात्री-अपरात्री बाइकवरून पडलेले, ऊसाच्या ट्रॉलीखाली पाय सापडलेले पेशंट हजारांनी बघून होतात पण वाकड्या मणक्याचं मोठं ऑपरेशन किती बघायला मिळतं म्हणाल तर ते तुमचं कॉलेज कुठलं यावर आहे, आणि बघणं म्हणजे बहुतेक वेळा जखम उघडी ठेवायचा रिट्रॅक्टर धरून उभं राहणं. म्हणून स्पाइन करायचं तर पुढे वेगळं शिकावं लागतं.

एफएनबी म्हणजे नॅशनल बोर्डाची फेलोशिप, स्पाइन सर्जरीची दोन वर्षांची, परीक्षा देऊन मिळते आणि शेवटीही परीक्षा असते. याशिवाय असोसिएशन ऑफ स्पाइन सर्जन्स ऑफ इंडिया आणि पेडियाट्रिक ऑर्थोपेडिक सोसायटी ऑफ इंडिया यांच्याही फेलोशिप आहेत. डी ऑर्थोवाले डॉक्टर वाईट असं कृपा करून कुणी समजू नका, आमच्या भागात अर्ध्या गावांची मोडलेली हाडं त्यांनीच जोडली आहेत. पण 'स्पाइन स्पेशालिस्ट' ही डिग्री नाही, पाटीवर रंगवलेले शब्द आहेत. त्यामागे कुठलं ट्रेनिंग आहे हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

तिसरे न्यूरोसर्जन. एमएस जनरल सर्जरी तीन वर्षं आणि एमसीएच तीन, काही ठिकाणी एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचा कोर्स. मेंदू, मज्जारज्जू, नसा यांचं त्यांचं शिक्षण आमच्यापेक्षा खोल. मज्जारज्जू खाली चिकटून ताणला गेलाय, आत पाण्याची पोकळी आहे, जन्मतः मणका उघडा आहे, तर आधी त्यांच्याकडेच जायचं. वाकडेपणा सरळ करणारे न्यूरोसर्जनही असतात, पण वाढत्या पोरीच्या साध्या इडिओपॅथिक कोनासाठी मी तुमच्या यादीतल्या दुसऱ्या नंबरकडे जाईन.

सगळ्यात आधी नोंदणी बघा. नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर इंडियन मेडिकल रजिस्टर आहे, कर्नाटक मेडिकल कौन्सिल आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची वेगळी आहेत. नाव टाकलं की नोंदणी आणि मान्य पदवी दिसते. फेलोशिप तिथे दिसेलच असं नाही, ती विचारावी लागते.

ओटी_नर्स_परदेशी
मी शहापूरची, आता अमेरिकेत लहान मुलांच्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे, स्पाइनच्या केसेसना उभी असते. परदेशी फेलोशिपबद्दल एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहिते.

इथला लहान मुलांच्या मणक्याचा सर्जन कसा घडतो बघा. शाळेनंतर ४ वर्षं कॉलेज, ४ वर्षं मेडिकल स्कूल, ५ वर्षं ऑर्थोपेडिक रेसिडेन्सी, मग निदान १ वर्ष फेलोशिप, मुलांच्या हाडांची किंवा स्पाइनची, काहीजण दोन्ही करतात. म्हणजे १४-१५ वर्षं. बोर्डाची परीक्षा दोन टप्प्यांत असते, आधी लेखी, आणि मग काही काळ स्वतःची प्रॅक्टिस केल्यावर तोंडी. त्या तोंडी परीक्षेत त्याने स्वतः केलेल्या ऑपरेशनांची यादी पुढे ठेवून विचारतात, हे का केलंस, इथे काय बिघडलं, तेव्हा काय केलंस. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो.

पण भारतातून इकडे वर्षभर येणाऱ्या सगळ्यांना ऑपरेशन करायला मिळतंच असं नाही. इथल्या राज्याचं लायसन्स नसेल तर पेशंटला हात लावता येत नाही, कोपऱ्यात उभं राहून बघायचं, त्याला ऑब्झर्व्हरशिप म्हणतात. बघूनही खूप शिकतात, मी पाहिलेत वही घेऊन सकाळी सहाला हजर राहणारे आपल्याकडचे डॉक्टर, त्यांना कमी लेखत नाही. पण सर्टिफिकेट फ्रेममध्ये दोन्हीचं सारखंच दिसतं. तेव्हा मामा, साधा प्रश्न विचारा: "तिथे तुम्ही स्वतः ऑपरेशन केलीत की बघितलीत?" चांगला माणूस सरळ सांगतो.

शहापूर_माग
मी काय शिकलेला न्हवं, मागावर साड्या विणतो. पण आमच्या पोरावरनं एक सांगतो. त्याला आठव्या वर्षी पाठ दुखूलालंय म्हणून सांगत हुता, रात्री उठून रडायचा. आमी हाडवैदाकडं नेला, त्यानं तेल लावून तीन दिवस चोळला, दाबला. मग जरा कुबड आल्यागत दिसलं, पाय लटपटाय लागले. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी बघितलं आणि लगेच एमआरआय लावला, मणक्याचा टीबी. गोळ्या फुकट मिळाल्या, वर्षभर घेतल्या, ऑपरेशन पण झालं. आता पोरगा दहावीला हाय, सायकल मारतो. पण दरवर्षी दाखवाय बोलावतात अजून. मी विचारलं साहेब टीबी गेला नव्हं, मग कशाला? ते म्हनाले रोग गेला पण पोराची वाढ व्हायची हाय, वाढीत कुबड वाढू शकतं. तवा मला कळलं मोठ्या माणसाचा आणि पोराचा डॉक्टर वेगळा का असतो.

पोराची पाठ दुखती म्हटल्यावर चोळाय दाबाय नेऊ नका, हात जोडून सांगतो.

हाडांचा_विद्यार्थी
काका, तुम्ही लिहिलंत ते आम्हाला पुस्तकात शिकवतात. मणक्याचा टीबी बरा झाल्यावरही लहान मुलांत कुबड वाढत जातं, यावर कोइमतूरच्या डॉ. एस. राजशेखरन यांचं काम आहे, २००१ मध्ये त्यांनी एक्सरेवरच्या चार खुणा सांगितल्या, ज्या दिसल्या तर हे पोर धोक्यात आहे हे आधीच ओळखता येतं. जगभर त्या 'स्पाइन ॲट रिस्क' खुणा म्हणून वापरतात. त्याआधी वाराणसीचे डॉ. एस. एम. तुली यांनी १९७५ च्या सुमारास 'मिडल पाथ' मांडला, म्हणजे टीबीच्या प्रत्येक मणक्याला चाकू लावायचा नाही, औषधं द्यायची, लक्ष ठेवायचं आणि ज्याला गरज आहे त्यालाच ऑपरेशन. आपल्या देशात पोरांच्या मणक्याचं शास्त्र टीबीनेच मोठं केलं. परदेशात ते पोलिओने केलं. ह्यूस्टनला डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे पोलिओने पाठ वाकलेली पोरं येत, त्यांच्यासाठी त्यांनी स्टीलचा रॉड बनवला आणि १९६२ साली त्यावर लिहिलं. आजचे स्क्रू-रॉड त्याचीच पुढची पिढी. मेक्सिकोच्या लूके यांनी तारांनी रॉड बांधायला सुरुवात केली, ८० च्या दशकात फ्रान्समधून कोट्रेल आणि दुबूसे यांची पद्धत आली जिच्यात पीळही सोडवता येऊ लागला.

चिकोडी_गुरुजी
३४ वर्षं प्राथमिक शिक्षक होतो, मराठी शाळेत. या धाग्यावर मला एक शब्द सांगायचा आहे. ऑर्थोपेडिक म्हणजे पायाचा डॉक्टर असं आमच्या पिढीला वाटायचं. मुळात १७४१ साली पॅरिसच्या निकोला आंद्री यांनी हा शब्द बनवला, ऑर्थो म्हणजे सरळ आणि पुढचा भाग मूल या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. मुलांचं अंग सरळ वाढवण्याची विद्या. त्यांच्या पुस्तकात चित्र आहे, वाकडं वाढणारं झाड दोरीने सरळ खुंटाला बांधलेलं. आजही जगभरच्या हाडांच्या संस्थांच्या चिन्हात ते झाड असतं. म्हणजे ही विद्या जन्मली तीच पोरांसाठी.

आता तक्रार. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी यायची, २०१३ पासून. डोळे, दात, हृदय, वाकडे पाय बघायचे, त्यातून कितीतरी पोरांची ऑपरेशनं झाली, मी स्वतः पालकांना घेऊन गेलोय. पण त्या यादीत जन्मतः मणका उघडा असणं आहे, बारा-तेराव्या वर्षी वाकणाऱ्या पाठीचं नाही. पोरीला वाकवून पाठ बघायला अर्धं मिनिट लागतं. पीटीच्या तासाला शिक्षिका करू शकतात. मामांच्या भाचीचं टेलर बाईंनी ओळखलं, हे ऐकून मला आनंदही झाला आणि वाईटही वाटलं.

टिळकवाडीकर_७२
असल्या डिग्र्या शोधत लोक बेंगळूर गाठतात, एवढं लांबवर कशाला जायचं हे मला कळत नाही. बेळगावात मेडिकल कॉलेज १९६३ पासून आहे, सरकारी बिम्स कॉलेज आहे, मिरज दोन-अडीच तासांवर, कोल्हापूर दोन तासांवर. आपला, आपली भाषा बोलणारा डॉक्टर असला की पोरगी बोलती तरी होते. बेंगळूरला राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्रभर जायचं, तिथे कन्नड-इंग्रजीत काय सांगतात ते ताईला कळणार का? ऑपरेशननंतर काही झालं तर परत ४०० किलोमीटरच्या वर पळायचं?

अनगोळ_फिजिओ
काका, तुमचा मुद्दा मला मनापासून पटतो. आमच्याकडे डिस्चार्ज कार्ड घेऊन आजी येतात आणि विचारतात यात लिहिलंय काय, एकही ओळ त्यांच्या भाषेत नसते. पण मराठी बोलणं ही सोय आहे, पात्रता नाही. भाषेसाठी सोबत माणूस नेता येतो, हाताचा अनुभव नेता येत नाही. आणि उलटही खरं आहे, मोठ्या शहरात गेलो म्हणजे झालं असं नाही. बेळगाव, मिरज, हुबळी, कोल्हापूर, पुणे, कुठेही असो, प्रश्न हेच विचारा:

वर्षाला तुम्ही १८ वर्षांखालच्या किती मुलांचा वाकडा मणका ऑपरेशन करता? मोठ्या माणसांच्या गादी सरकलेल्या नाही, मुलांचा. ऑपरेशन चालू असताना नसांवर मशीनने लक्ष ठेवता का आणि ते बघायला वेगळा माणूस असतो का? भूल देणारे डॉक्टर लहान मुलांचं करतात का? रात्री आयसीयूत कोण असतं? आणि ऑपरेशन न करता ब्रेसवर, म्हणजे पाठीला बाहेरून धरून ठेवणाऱ्या कडक पट्ट्यावर, तुम्ही किती पोरं ठेवली आहेत?

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम लिहिला. ज्याच्याकडे ब्रेस बनवणारा ऑर्थोटिस्ट जोडलेला नाही, ज्याच्या ओपीडीत ब्रेस घातलेली पोरं दिसत नाहीत, त्याच्या हातात एकच हत्यार आहे असं समजा.

हाडांचा_विद्यार्थी
मशीनबद्दल एक ओळ. पूर्वी अर्ध्या ऑपरेशनात भूल हलकी करून पेशंटला "पाय हलव" सांगत, ७० च्या दशकात फ्रान्समधून आलेली पद्धत. आता डोक्यापासून पायापर्यंत विजेचे सिग्नल सतत मोजतात, पडले तर सर्जन तिथेच थांबतो, स्क्रू बघतो, ताण कमी करतो. निरोगी किशोरवयीन मुलीत या ऑपरेशनमध्ये नसेला इजा व्हायचा धोका १ टक्क्याहून कमी आहे. कमी आहे, शून्य नाही. जो शून्य सांगेल त्याच्याकडून उठून या.

येळ्ळूरची_आई
माझ्या मुलीचं ऑपरेशन झालंय, ५८ डिग्री होतं. आम्हाला कळलं तेव्हा ती पंधराची होती, वाढ संपत आलेली, ब्रेसची वेळ निघून गेली होती. मी दोन वर्षं तिला "नीट उभी राहा, पोक काढू नकोस" म्हणून ओरडत होते, हे आजही मनातून जात नाही.

मामा, ज्या डॉक्टरकडे आम्ही थांबलो त्यांच्याकडे का थांबलो सांगते. त्यांनी तासाभरात एकदाही घाई केली नाही. मुलीलाच खुर्चीवर समोर बसवून एक्सरे तिला दाखवला, आम्ही बाजूला. तिला विचारलं तुला काय वाटतं, कशाची भीती वाटते. ती म्हणाली मला भरतनाट्यम करता येईल का. ते म्हणाले कमरेचा खालचा भाग मी मोकळा ठेवायचा प्रयत्न करीन, म्हणून किती मणके स्क्रू-रॉडने एकमेकांना जोडायचे यावर मी आणखी एकदा विचार करतो, पुढच्या वेळी सांगतो. आणि खरंच पुढच्या वेळी वाकवून काढलेले एक्सरे मागवले आणि एक मणका कमी जोडायचं ठरलं. आमचा विश्वास तिथे बसला. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी तिला उभी केली, महिन्या-दीडमहिन्यात शाळेत गेली. पहिले दहा दिवस फार कठीण असतात, कुणी काही म्हणो, रात्री कूस बदलायला दोन माणसं लागतात. नंतर सुटतं.

मामा_उचगाव
तुम्हा सगळ्यांचे पाय धरावेसे वाटतात. ताईला सगळं वाचून दाखवलं, येळ्ळूरच्या ताईंचं वाचताना ती रडली आणि मग पहिल्यांदा नीट जेवली.

प्रश्न: वाढ वाढ सगळे म्हणताय, ते जरा फोडून सांगाल का? आणि खर्चाचं पण. भाऊजींचं महाराष्ट्राचं केशरी कार्ड नाही पण बीपीएल कार्ड आहे कर्नाटकचं.

अनगोळ_फिजिओ
मुलीची उंची सगळ्यात जोरात वाढते ती पहिली पाळी यायच्या आधीच्या वर्षभरात. पाळी आल्यावर साधारण दोन वर्षं हळूहळू वाढून थांबते. कोनही त्याच जोराच्या काळात पळतो. म्हणून पाळीचा प्रश्न विचारतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण तुम्ही मामा लोक त्या वेळी जरा बाहेर थांबा, तिला आईजवळ बोलू द्या. कंबरेच्या हाडावर एक कड हळूहळू भरत येते, ० ते ५ असं मोजतात, त्याला रिसर म्हणतात. डाव्या हाताचा एक्सरे काढूनही हाडांचं वय मोजतात. ३६ डिग्री आणि रिसर ० ही एक मुलगी, ३६ डिग्री आणि रिसर ४ ही दुसरी. कोन तोच, उपचार वेगळे. मोठ्यांच्या स्पाइन सर्जनला हे शिकवलेलं असतं, पण पोरांच्या सर्जनचं रोजचं कामच हे आहे.

साधारण हिशेब असा: २५ पर्यंत लक्ष ठेवतात, २५ ते ४०-४५ आणि वाढ शिल्लक असेल तर ब्रेस, ४५-५० च्या पुढे ऑपरेशनचा विचार. ब्रेस खरंच चालतो का यावर अमेरिका-कॅनडात मोठा अभ्यास झाला, २०१३ मध्ये छापून आला. ब्रेसवाल्यांत ७२ टक्के मुलं ५० डिग्रीच्या आत राहिली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास वेळेआधी थांबवला. आणि दिवसाला १३ तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या पुढे. तास मोजायला ब्रेसमध्ये सेन्सर होता, पोरांच्या सांगण्यावर सोडलं नव्हतं. ब्रेसने पाठ सरळ होत नाही, आहे तिथे थांबते, हे पोरीला आधीच सांगा, नाहीतर सहा महिन्यांनी तिचा जीव तुटेल.

ओटी_नर्स_परदेशी
वाढीवरून आठवलं. अगदी लहान, वर्ष-दोन वर्षांच्या बाळांच्या पाठीसाठी लंडनच्या डॉ. मीन मेहता यांनी प्लास्टरची पद्धत रूढ केली. १३६ मुलांवरचा त्यांचा लेख २००५ साली आला. दर काही आठवड्यांनी नवं प्लास्टर, बाळ वाढतं तसा त्याच वाढीचा जोर वापरून मणका सरळ करायचा. लवकर आलेली कितीतरी बाळं ऑपरेशनशिवाय सरळ झाली. गुरुजींनी सांगितलेलं झाड आणि खुंट, तेच. इतक्या लहान वयात मणका जोडून टाकला तर छाती वाढत नाही, फुफ्फुसाला जागा राहत नाही, पाचव्या वर्षी छातीचं घनफळ मोठ्या माणसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढंच असतं. आमच्या हॉस्पिटलातला सगळ्यात अनुभवी सर्जन सगळ्यात जास्त वेळा "अजून थांबू" म्हणतो.

निपाणी_तंबाखू
खर्चाचं मी सांगतो, वडिलांच्या वेळी सगळं फिरलोय. कर्नाटकात आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएलला, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरच्यांना, पॅकेजच्या ३० टक्के. मोठ्या उपचाराला आधी सरकारी दवाखान्यातून रेफरल पत्र लागतं, ते न घेता थेट गेलात तर हेलपाटा पडतो. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये आपल्या सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले योजना जाहीर केली, त्यावरून दोन्हीकडे राजकारणही झालं. आपल्याला पोरीचं काम करून घ्यायचंय. हॉस्पिटलच्या दारातच योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसतो, आधार, रेशन कार्ड, रहिवासी दाखला घेऊन त्याला आधी भेटा, हे ऑपरेशन आणि इम्प्लांट त्या हॉस्पिटलात योजनेत बसतं का ते विचारा, मग ओपीडीचा केस पेपर काढा. ब्रेसचं वेगळं विचारा.

हाडांचा_विद्यार्थी
मामा, जाताना जुने सगळे एक्सरे न्या, फोटो नको, फिल्म किंवा सीडी. आणि नवीन काढायचा तर उभं राहून, मानेपासून कमरेच्या हाडापर्यंत एकाच फिल्मवर, पाठीकडून, म्हणजे छातीवर किरण कमी पडतात. छातीचा एक आणि कमरेचा एक असे दोन तुकडे घेऊन लोक येतात, त्यावर कोन मोजता येत नाही.

मामा_उचगाव
(तीन आठवड्यांनी)
जाऊन आलो. दोन नंबरच्या डॉक्टरांकडेच गेलो. नोंदणी आधी बघितली होती, बरोबर निघाली.

सगळं लिहितो, पुढच्यांना उपयोगी पडेल. पन्नास मिनिटं दिली त्यांनी. आधी पोरीला उभी, मग बसवून, दोन्ही उंच्या मोजल्या. ताईची आणि भाऊजींची उंची विचारली. मी बाहेर थांबलो, ताईने पाळीचं सांगितलं, अजून आलेली नाही. मग पाठीवर, काखेत कॉफीच्या रंगाचे डाग आहेत का बघितले, कमरेला केसांचा पुंजका आहे का बघितला, पायाचे तळवे बघितले, गुडघ्यावर हातोडी मारली आणि पोटावर चारी बाजूंनी किल्लीने हलकेच रेघा ओढल्या. पोरगी हसायला लागली. मी विचारलं हे काय, तर म्हणाले पोटाचे स्नायू दोन्हीकडे सारखे आखडले म्हणजे आत मज्जारज्जूत गडबड असायची शक्यता कमी, कोनही उजवीकडे आहे, नेहमीसारखा, म्हणून आत्ता एमआरआय नको. डावीकडे असता किंवा हे बिघडलेलं असतं तर लगेच काढला असता.

मी घाबरत घाबरत प्रश्न विचारले, वहीत लिहून नेले होते. राग नाही आला त्यांना. म्हणाले बसा, सांगतो. परदेशात वर्षभर होते त्यातले पहिले तीन महिने नुसतं बघायला होतं, लायसन्स आल्यावर पुढचे नऊ महिने सीनियरबरोबर हाताने केलं. इथे वर्षाला मुलांच्या किती करतात तो आकडाही सांगितला आणि म्हणाले त्यातल्या दोन पोरींना इन्फेक्शन होऊन परत थिएटरमध्ये न्यावं लागलं होतं, दोघी बऱ्या आहेत. आम्ही विचारलं नसताना सांगितलं.

त्यांनी मोजलेला कोन ३७. रिसर ०. म्हणाले ऑपरेशन आत्ता नाही, ब्रेस, दिवसाला १८ तासांचं लक्ष्य, शाळेत घालायचा, खेळताना आणि पोहताना काढायचा. चार महिन्यांनी परत. ४५ च्या पुढे गेला तर तेव्हा बोलू, आणि तेव्हाही तुम्ही दुसरीकडे मत घ्या, मला वाईट वाटणार नाही, असं म्हणाले. ऑर्थोटिस्ट तिथेच होते, माप घेतलं, दहा दिवसांनी ब्रेस मिळाला.

येळ्ळूरची_आई
मामा, वाचून डोळे भरले. आतून शिवण नसलेले सुती बनियन घ्या, दोन नको, सहा घ्या. कातडी लाल झाली आणि अर्ध्या तासात गेली तर ठीक, गेली नाही तर ब्रेस परत दाखवा, सहन करायला लावू नका तिला. आणि वर्गशिक्षिकेला तुम्ही आधी भेटून या, पोरीला स्वतः सांगायला लावू नका.

मामा_उचगाव
वर्गशिक्षिकांना ताई भेटली, त्यांनी पोरीला भिंतीकडेचा बाक दिला, टेकायला. पहिल्या दिवशी ६ तास झाले, रडली. आठवड्याने ११. काल १६. कॅलेंडरवर ती स्वतः पेन्सिलीने लिहिते, मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो.

शाळेचा ड्रेस ब्रेसवर बसेना, म्हणून त्याच टेलर बाईंकडे नेला. त्यांनी ब्रेस घालूनच माप घेतलं, दोन्ही खांद्यांचं वेगवेगळं, आणि शिलाई घेतली नाही.